मुरमाच्या वाटेने: सुरतेहून पूर्वेकडे

सुरतेतून सायकल घेऊन बाहेर पडायचे म्हटले की पहिली अडचण रहदारीची. उधना, सचिन, पलसाणा, कडोदरा, कोणतीही बाजू धरली तरी कापडाच्या गाठी वाहणारे टेम्पो आणि ट्रक सोबतीला असतातच. पश्चिमेला समुद्र आणि हजिऱ्याचे कारखाने. म्हणून इथल्या सायकलस्वारांची नजर पूर्वेकडे वळते. बारडोलीपर्यंत उसाचा सपाट मुलूख आहे, व्यारा ओलांडले की जमीन हलकेच वर चढू लागते, आणि सोनगड-डांगच्या बाजूला सागाचे जंगल सुरू होते. तापी, मिंढोळा, पूर्णा, अंबिका या नद्या याच बाजूने उतरत येतात. या पट्ट्यात दिवसभर सायकल चालवूनही मोटारगाडी क्वचितच आडवी यावी, अशा वाटा आजही आहेत. त्या कशा ओळखायच्या आणि त्यांवरून कसे जायचे, हे इथे सावकाश पाहू.

कच्च्या रस्त्यावरच्या सायकलस्वारीला जगभर आता ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. इटलीत १९९७ पासून टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर जुन्या सायकलींची ‘लेरोईका’ भरते. अमेरिकेत कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांतली मोठी शर्यत २००६ साली सुरू झाली. तिकडे हे रस्ते शेतकऱ्यांसाठी झाले. आपल्याकडे ते प्रामुख्याने दोन खात्यांनी करून ठेवले आहेत, पाटबंधारे आणि वन. दोन्ही खात्यांच्या मनात सायकल कधीच नव्हती, पण त्यांच्या गरजेतून जो रस्ता तयार झाला तो सायकलीला नेमका मानवतो.

आधी कालवा. मांडवीजवळचा काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात बांधला गेला, तर त्याच्या वरच्या अंगाचे उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. तापीचे पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांतून सुरत, तापी आणि नवसारी जिल्ह्यांच्या शेतांत जाते. हे पाणी पंपाने नाही, उताराने वाहते. त्यामुळे कालवा टेकडी चढत नाही आणि खड्ड्यात उतरत नाही. जमिनीची एकच पातळी धरून वळणे घेत जातो. त्याचा उतार हजारो मीटरला एखादा मीटर, म्हणजे पायांना जाणवणारही नाही इतका. कालव्याच्या एका काठावर खात्याची जीप जाईल एवढी मुरमाची वाट ठेवलेली असते, कारण पाणी सोडणाऱ्या माणसाला दारांपर्यंत पोचावे लागते. सायकल शिकणाऱ्याला किंवा बऱ्याच दिवसांनी बाहेर पडणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणार नाही.

मात्र मुख्य कालव्याच्या काठावर आता कित्येक ठिकाणी डांबर आले आहे आणि मोटारसायकली सर्रास जातात. म्हणून मुख्य कालवा जोडरस्ता म्हणून वापरावा आणि पहिल्या सोयीच्या जागी शाखा कालव्यावर वळावे. एक गोष्ट नकाशात कळत नाही: वाट पुष्कळदा मधेच काठ बदलते. पूल आला की थांबून दोन्ही काठ पाहावेत. ज्या काठावर गवत दाबलेले असेल, तो पुढे जातो. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि साखर कारखान्यांचे ट्रॅक्टर या वाटांवर येतात. त्यांना बाजू द्यावी. त्यांची वाट आहे, आपण पाहुणे.

जंगलातले रस्ते निराळ्या कारणाने झाले. डांगच्या सागावर इंग्रजांचा डोळा जहाजांसाठी होता. १८४२ मध्ये त्यांनी डांगच्या राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले. तेव्हापासून इथे रस्ता म्हणजे ओंडके उतरवण्याची वाट. भरलेली गाडी खाली नेताना बैलांना आवरता यावी लागते, त्यामुळे असा रस्ता अंगावर येणारा चढ टाळतो आणि डोंगराच्या कुशीने वळत जातो. ओढे मात्र पुलाशिवाय, थेट पात्रातून ओलांडलेले असतात. उपग्रहाच्या चित्रात याच जंगलात आणखी काही फिकट सरळ पट्टे दिसतात, आणि नवखा माणूस त्यांनाच रस्ता समजतो. त्या जाळरेषा असतात, वणवा पसरू नये म्हणून साफ केलेल्या. त्या उताराची पर्वा न करता सरळ डोंगरमाथ्यावर चढतात. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. चित्रात जी रेघ वळते ती वाट, जी सरळ जाते ती जाळरेषा, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा दिवस वाचतो.

आता पायाखालची जमीन. सुरत-बारडोलीची काळी माती नद्यांनी आणून टाकलेली आहे. पूर्वेला दख्खनचा काळा पाषाण वर येतो आणि तो ऊन-पावसाने कुजून जो तांबूस, करकरीत भुगा होतो, तो मुरूम. त्यात खडे असतात आणि खड्यांना धरून ठेवण्यापुरती मातीही. पाणी मारून रोलर फिरवला की तो घट्ट बसतो, आणि पाऊस पडून गेला की काही तासांत निथळतो. काळ्या मातीचे उलटे. तिचे कण पाणी शोषून फुगतात, मग ती चाकाला लपेटून येते, चिमट्यात आणि ब्रेकमध्ये अडकते आणि चाक फिरायचे थांबते. काळ्या मातीच्या बैलवाटेवर भर पावसाळ्यात सायकल घालू नये. पाऊस उघडल्यावरही एकदोन दिवस ऊन खाऊ द्यावे.

रस्त्याची पाठ वाचता आली तर तिथून काय जाते हेही कळते. कच्च्या रस्त्यावर आडव्या, ओळीने उठलेल्या वळ्या तुम्ही पाहिल्या असतील, ज्यांवरून जाताना दात वाजतात. त्या चाकांच्या उसळीने तयार होतात: चाक एका लहानशा उंचवट्यावर उडते, पुढे आदळून खड्डा करते, पुढचे चाक त्याच जागी उडते. पण त्यासाठी वाहनाला वेग लागतो. संथ बैलगाडी वळ्या उठवत नाही, तिने दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी तयार होते. म्हणजे वळ्या दिसल्या तर या रस्त्याने जीप आणि टेम्पो नेमाने जातात, हे धरून चालावे. मधे गवत दिसले तर तुम्ही योग्य जागी आला आहात. वळ्यांच्या रस्त्यावर अगदी कडेने चालवावे, तिथे त्या विरळ असतात.

या सगळ्यासाठी महागडी सायकल लागत नाही, पण टायर नीट लागतो, आणि त्यातली हवा त्याहून नीट. मी याच भागावर सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण बहुतेकांची पहिली मुरमाची फेरी नको तितक्या कडक टायरमुळेच नकोशी होते. डांबरावर कडक टायर वेगवान वाटतो, ते खरेही आहे. खडबडीत जमिनीवर मात्र कडक टायर प्रत्येक खड्यावर संबंध सायकल आणि माणूस उचलतो. ती उचल म्हणजे तुमच्याच पायांनी दिलेली ताकद, जी पुढे जाण्याऐवजी वर-खाली होण्यात आणि अंग हादरण्यात खर्च होते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि माणूस समतल पुढे जातो. म्हणून टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद घ्यावा. डोंगरी सायकलीचा दोन इंची टायर असेल तर फारच उत्तम. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय हवा पुरते. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय अधिक.

हवा फार कमी केली तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. असे जोडभोक दिसले की काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी. काट्यांचे संकट वेगळे. कालव्यांच्या काठी वेडी बाभूळ आणि माळावर बोरी असल्यामुळे साध्या ट्यूबवर इथे भरवसा ठेवता येत नाही. ट्यूबविरहित टायरमध्ये पातळ चीक घालून ठेवला तर बारीक भोक आपोआप बुजते. उन्हाळ्यात तो चीक लवकर वाळतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहावा. ज्यांची सायकल जुनी आहे त्यांनी दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान घ्यावे. जंगलात दुकान नाही.

चालवण्याची रीतही थोडी बदलावी लागते. घट्ट मुरमावर सुट्या खड्यांचा थर असेल तर चढावर उभे राहून पायडल मारू नये. मागच्या चाकावरचा भार सुटतो आणि ते जागच्या जागी फिरते. बसूनच, हलक्या गिअरवर, पाय फिरते ठेवावेत. पुढच्या सर्वांत लहान चक्रीला जेवढे दात, तेवढेच मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीला असले तर डांगचे चढ बसून निभतात. उताराला वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. वळताना दाबलेला पुढचा ब्रेक हाच बहुतेक पडझडीचा धनी असतो. हात सैल, कोपर वाकलेले, नजर चाकाजवळ नाही तर दहा-पंधरा मीटर पुढे.

आता शहराबाहेरचा तो रहदारीचा तुकडा कसा टाळायचा? रेल्वेने. उधन्याहून जळगावकडे जाणारा मार्ग बारडोली, मढी, व्यारा, उकाई-सोनगड करत नवापूरला पोचतो. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना हा मार्ग पाठ आहे, गावी जायचा तोच. सायकल लगेज म्हणून नोंदवून मालाच्या डब्यात टाकता येते. पण लहान स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते, म्हणून चाके काढून पिशवीत बांधलेली सायकल जास्त सुखाची, आणि चढण्याआधी स्टेशनात विचारून घेतलेले बरे. व्याऱ्याला उतरले की दक्षिण-पूर्वेला भेसकातरी, काळीबेल, बरडीपाडा, महाल हा पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा लागतो. दुसरा पर्याय बिलिमोरा-वघई या नॅरोगेजचा. गायकवाडांच्या काळातली ही सुमारे ६३ किलोमीटरची लहान गाडी बंद पडून २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. वघईच्या बाजूला अंबिकेचे खोरे आणि गिराचा धबधबा आहे. पहिल्या फेरीसाठी मात्र मी मांडवी आणि केवडीचे जंगल सुचवेन. अंतरे लहान, गावे जवळ, आणि दमल्यावर डांबरी रस्ता गाठणे सोपे.

पूर्णा अभयारण्य सुमारे १६० चौरस किलोमीटरचे, वांसदा राष्ट्रीय उद्यान २४ च्या आसपास. दोन्हीकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. परवानगी वनखात्याच्या कार्यालयातून आधी घ्यावी, आणि ती नसेल तर बाहेरच्या गावरस्त्यांवर समाधान मानावे. ते कमी सुंदर नाहीत. या जंगलांत बिबट्या आहे. तो सायकलीच्या वाटेला जात नाही, पण तिन्हीसांजेला त्याची वेळ सुरू होते. म्हणून चार वाजता, तुम्ही कुठेही असा, परतीची दिशा धरावी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. मार्चपासून सागाची पाने झडलेली असतात, सावली उरत नाही आणि ओढे आटतात. तेव्हा माणशी तीन लिटर पाणी जवळ हवे. पावसाळ्यात डांग हिरवागार असतो आणि मोह होतो, पण फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे असले तरी ओलांडू नये. वर कुठे पाऊस पडला हे खाली कळत नाही. तापीच्या पात्राजवळ तर उकाईतून सोडलेल्या पाण्याचाही विचार करावा. ऑगस्ट २००६ मध्ये त्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडवला होता.

रस्ता विचारायची वेळ येतेच, आणि इथे मराठी माणसाची सोय आहे. डांगातली कोकणी-डांगी बोली मराठी आणि अहिराणीला जवळची. गुजराती येत नसले तरी बोलणे अडत नाही. फक्त ‘पुढचे गाव किती लांब’ असे विचारू नये, कारण तिथली माणसे अंतर पायांनी मोजतात आणि आपल्याला आकडा चुकीचा वाटतो. दोनच गोष्टी विचाराव्यात: या वाटेने बैलगाडी गावापर्यंत जाते का, आणि ओढ्याला पाणी किती आहे. बैलगाडी जात असेल तर सायकल जातेच. ‘माणूस जातो’ असे उत्तर आले, तर पुढे पायवाट आहे आणि सायकल ढकलावी लागेल. ओढ्याच्या पाण्याचे उत्तर बहुधा हाताने मिळते, पोटरी किंवा गुडघा दाखवून. पाणी नितळ आणि संथ असेल तर पोटरीपर्यंत उतरून सायकल हाताने न्यावी. गुडघा दाखवला तर परत फिरावे, आणि दुसरी वाट त्याच माणसाला विचारावी.