गोव्याचा कौल : प्रश्नाचा आणि उमेदवारांचा

भारतीय मतदार सामान्यतः उमेदवार निवडतो. प्रश्नावर थेट निर्णय देण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी तो आला. संसदेने केलेल्या कायद्यानुसार महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, एवढेच मतदारांस विचारले गेले. ‘फूल’ हे विलीनीकरणाचे, ‘दोन पाने’ हे संघप्रदेशाचे चिन्ह होते. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 व विरुद्ध 1,72,191 मते पडली.

सुमारे दहा आठवड्यांनी, 28 मार्च रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. तीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास तीसपैकी 16 जागा मिळाल्या व दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. हा विरोध वरवरचा आहे. कौलात साऱ्या प्रदेशाची मते एकत्र मोजली गेली. निवडणुकीत मात्र मतदारसंघ वेगळे, उमेदवार अनेक, आणि निम्म्याहून कमी मतांनीही विजय शक्य. शिवाय उमेदवाराच्या मतात जमीन, जात, कारभार असे अनेक प्रश्न मिसळलेले असतात.

वाङ्मयेतिहासकाराने येथे सावध राहावयास हवे. जानेवारीचा निकाल मराठीविरुद्ध कोकणीचा निवाडा मानण्याचा प्रघात आहे. परंतु मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हताच. विलीनीकरणविरोधाचा प्रभावी प्रचार ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने केला होता. साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली ती 1975 मध्ये. गोव्याचा राजभाषा कायदा झाला 1987 मध्ये. जे विचारलेच गेले नव्हते, त्याचे उत्तर आकड्यांत शोधणे व्यर्थ होय.