वॉशिंग मशीन चालतंय, पण कपडे स्वच्छ निघत नाहीत? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

मशीन सुरू होतं, ड्रम फिरतो, शेवटी बीपही वाजतो. पण कपडे वाळत घालताना दिसतं की कॉलरचा मळ तसाच आहे, काळ्या टी-शर्टवर पावडरचे पांढरे पट्टे आहेत आणि टॉवेलला कुबट वास येतोय. मशीन पूर्ण बंद पडलं तर निदान बिघाड आहे हे तरी नक्की असतं. 'चालतंय पण धूत नाही' हा प्रकार जास्त त्रासाचा, कारण दोष नेमका कुठे आहे ते पटकन कळत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. पैसे अर्थातच आपले जातात.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण कोडमधला बग शोधायची पद्धत इथेही चालते: स्वस्त शक्यता आधी बघायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. पिंपरीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघांत मिळून एक फ्रंट लोड मशीन आहे, घरमालकांचं. ते नीट धुवेनासं झालं तेव्हा आलेल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत निकाल दिला, "कार्ड गेलंय, साडेसहा हजार." घरमालक काका म्हणाले, "वापरता तुम्ही, तर भरा तुम्ही. नाहीतर डिपॉझिटमधून कापतो." म्हटल्यावर कार्ड खरंच गेलंय का हे बघणं भागच होतं.

आधी समजून घ्या: कपडे स्वच्छ कशाने होतात?

हेंकेल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये याचं सोपं गणित मांडलं. धुण्यात चार गोष्टी काम करतात: रसायन म्हणजे पावडर किंवा लिक्विड, घासणं-आपटणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. नदीवर गार पाण्यातही कपडे निघतात, कारण धोंड्यावर आपटणं जबरदस्त असतं. उलट तुम्ही १५ मिनिटांचा क्विक वॉश लावता, पाणी गार ठेवता आणि ड्रम गच्च भरता, तेव्हा चारपैकी तीन गोष्टी स्वतःच कमी केलेल्या असतात. उरलेलं सगळं काम एकट्या पावडरने कसं करायचं?

१. लोड

मशीनवर लिहिलेले ७ किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचे, आणि तेही सहसा फक्त कॉटन प्रोग्रॅमसाठी. क्विक वॉशची मर्यादा खूपच कमी, बऱ्याच मशीनमध्ये २ किलोच्या आसपास असते. एक जीन्स अर्ध्या किलोच्या वर जाते, तेव्हा चार जीन्सवरच तो कोटा संपतो. फ्रंट लोडमध्ये कपड्यांच्या वर हात सहज जाईल एवढी जागा हवी. टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात फिरताना वरचे खाली, खालचे वर जाताना दिसले पाहिजेत. पहिली टेस्ट हीच: अर्धा लोड, पूर्ण लांबीचा प्रोग्रॅम. कपडे स्वच्छ निघाले तर मशीनला काहीही झालेलं नाही.

२. पावडर आणि पाण्याचा जडपणा

हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. तिचा फेस खूप होतो, कपडे त्या फेसावर गादीवर पडल्यासारखे पडतात आणि आपटणं होतच नाही. मशीनसाठीची कमी फेसाची पावडरच वापरा.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर जडपणा तपासा. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरचा बराच भाग खाऊन टाकतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. घरचा टीडीएस मीटर यात फार कामाचा नाही, कारण तो विरघळलेले सगळेच क्षार एकत्र मोजतो. त्यापेक्षा बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मऊ. फेस न येता वर पांढरट साय जमली तर पाणी जड, म्हणजे पाकिटावर जड पाण्यासाठी सांगितलेलं प्रमाण वापरा.

३. पाणी पुरेसं येतंय का?

नळाखाली १० लिटरची बादली ठेवा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. भरायला चार-पाच मिनिटं लागत असतील तर दोष मशीनचा नाही, नळाचा आहे. सर्वात वरच्या मजल्यावर हे नेहमी होतं, कारण टाकी जेमतेम डोक्यावर असते. १ मीटर उंचीच्या पाण्याने साधारण ०.१ बार दाब मिळतो. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापासून ३ मीटर तरी वर हवं.

नळ जोरात आहे आणि तरी मशीनमध्ये पाणी रेंगाळत येतंय? मग प्लग काढा, नळ बंद करा, मागचा इनलेट पाइप सोडवा. मशीनच्या बाजूला, पाइप जोडतो तिथे एक छोटी जाळी असते. टॉर्च मारून बघा. आमच्याकडे घोटाळा इथेच होता. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर आलेली रेती आणि गंज त्या जाळीत गच्च बसले होते. पाण्याला जोर नसल्यामुळे अर्धी पावडर खणातच राहायची, तासाभराचा प्रोग्रॅम लांबायचा आणि मध्येच एरर यायचा. पक्कडीने जाळी हलकेच ओढून काढली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. खर्च शून्य. कार्ड अजून तेच आहे आणि डिपॉझिटही शाबूत आहे.

४. आलेलं पाणी टिकतंय का?

हा दोष सहज लक्षात येत नाही. पंपाने पाणी बाहेर टाकणाऱ्या मशीनचा ड्रेन पाइप जमिनीवर लोळत असेल, तर आत आलेलं पाणी आपोआप बाहेर वाहत राहतं. मशीन भरतंय आणि रिकामं होतंय. पाइपचं तोंड साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवर हवं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पण अनेक टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उताराने जातं. तिथे पाइप खालीच ठेवायचा. धुणं चालू असताना त्यातून पाणी गळत असेल तर आतल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय असं समजा.

५. आतली घाण

फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात ड्रेन फिल्टर असतो. नाणी, पिना, टिश्यू पेपरचा लगदा तिथेच सापडतो. उघडण्याआधी प्लग काढा, आतलं पाणी गार होऊ द्या, खाली ताट ठेवा. कुबट वासासाठी महिन्यातून एकदा रिकामं मशीन टब क्लीनवर किंवा ६० अंशांच्या वर चालवा. क्षारांचा पांढरा थर असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, उपयोगी पडतं. मात्र ते ब्लीचसोबत कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

६. फिरण्याचा जोर

टॉप लोड किंवा सेमी ऑटोमॅटिकमध्ये मोटर गुणगुणते पण तळाची चकती फिरत नाही? प्लग काढून चकती हाताने फिरवा. अडकत असेल तर खाली मोजा किंवा नाणं गेलेलं असू शकतं. मोकळी फिरत असेल तर कपॅसिटर किंवा बेल्टवर संशय घ्या आणि इथे थांबा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि त्याचा जोरदार शॉक बसू शकतो. मागचं कव्हर उघडणं मेकॅनिकचंच काम.

मेकॅनिकला बोलावताना

मॉडेलच्या स्टिकरचा फोटो, एरर कोडचा फोटो आणि आवाजाचा छोटा व्हिडिओ तयार ठेवा. कोडचा अर्थ मॅन्युअलमध्ये असतोच. उदाहरणार्थ, एलजीवर 'आयई' म्हणजे पाणी येत नाही आणि 'ओई' म्हणजे पाणी जात नाही. सॅमसंगवर तेच अनुक्रमे '४सी' आणि '५सी'. मग सरळ सांगा, "नळाचा जोर तपासलाय, जाळी आणि फिल्टर साफ आहेत, अर्ध्या लोडवरही असंच होतं." एवढं ऐकल्यावर अंदाजाने पार्ट बदलणं अवघड जातं. तरीही कार्ड बदलायलाच सांगितलं, तर ते गेलंय हे कशावरून ठरवलं ते विचारा, आणि जुना पार्ट परत मागून घ्या.