पुराचं पाणी न शिरणारं दुकान

मैत्रिणींनो, आपल्या हातचं मेतकूट किंवा भाजणी चाखून एखादी शेजारीण हमखास म्हणते, "अगं, हे विकायला का ठेवत नाहीस?" आपण हसतो, डबा उचलतो आणि विषय तिथेच संपतो. पण कधीकधी घरावर अशी वेळ येते, की तो विषय सोडून देणं परवडत नाही.

आमच्या वन्संवर ती वेळ २२ जुलै २०२१ रोजी आली. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि भावोजींचं वह्यापुस्तकांचं दुकान छतापर्यंत बुडालं. कागदाचाच माल तो, त्यात काय वाचणार! आठ दिवस नुसता चिखल उपसत होतो आम्ही. गाळा भाड्याचा, मालावर कर्ज आणि मुलगी कॉलेजात जाणारी. भावोजींनी जे हात टेकले, ते पुन्हा दुकान लावायला तयारच होईनात. वन्सं मात्र रडत बसल्या नाहीत. एक दिवस जात्याशेजारी बसून म्हणाल्या, "वहिनी, आता असं दुकान हवं, ज्यात पाणी शिरणार नाही."

"मग ऑनलाइन काढू या ना, मामी!" भाची पटकन म्हणाली.

कल्पना झकास होती. पण पुढे आम्ही जे केलं, ते तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

आधी कळस, मग पाया

मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी, म्हणून सगळ्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मलाही तेवढाच मोठेपणा वाटला! ओळखीतून एक तरुण मिळाला. त्याने संगणकावर चारपाच सुंदर दुकानं दाखवली आणि २४,००० रुपये सांगितले. वन्संनी भिशीचे पैसे उचलून दिले. २०२२ च्या दिवाळीआधी वेबसाइट सुरू झाली. फिरती चित्रं काय, सोनेरी अक्षरं काय, विचारू नका. आम्ही त्या पत्त्याची ५०० लेबलंही छापून घेतली.

अकरा महिन्यांत ऑर्डरी आल्या चार. त्यातल्या तीन नातेवाइकांच्या.

आणि वर्ष भरत आलं तेव्हा नूतनीकरणाचे ९,००० रुपये मागणारा निरोप आला. आम्ही घासाघीस करतोय तोवर त्या तरुणाचा फोन लागेनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, की वेबसाइटचं नाव त्याने स्वतःच्याच नावावर नोंदवलं होतं. म्हणजे पाटी आमची, पण मालक तो! मुदत संपली, दुकान बंद झालं. बिलात ज्या सुरक्षा प्रमाणपत्राचे २,००० रुपये लावले होते, ते 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून फुकट मिळतं हेही मला तेव्हाच समजलं.

वन्सं मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उरलेली लेबलं घेऊन बसल्या आणि पत्त्याच्या ओळीवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवू लागल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मी ठरवलं, की आता पै न् पै विचारूनच खर्चायची आणि प्रत्येक गोष्ट आपली आपण शिकायची.

'लिज्जत पापड'ची सुरुवात आठवते ना? १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. आधी माल, मग गिऱ्हाईक आणि इमारत सगळ्यात शेवटी. ऑनलाइन दुकानालाही हाच क्रम लागू आहे, फक्त झगमगाटात आपण तो विसरतो.

आधी फुकटाचं दुकान

व्हॉट्सअ‍ॅप आपण रोज वापरतो. त्याचंच व्यवसायासाठीचं वेगळं अ‍ॅप आहे, 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस'. भारतात ते २०१८ पासून मिळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यात मालाची यादी, म्हणजे कॅटलॉग करता येतो: वस्तूचा फोटो, वजन, किंमत आणि दोन ओळींची माहिती. पाचशे वस्तू मावतात त्यात, पण आम्ही सहाच ठेवल्या: मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, कुळथाचं पीठ, सांडगी मिरची आणि कोकमाचं आगळ. सुरुवातीला कमी वस्तू ठेवाव्यात, म्हणजे ताजा माल देता येतो आणि पैसा अडकून पडत नाही.

एक मात्र करा. धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. नाहीतर भिशीचे निरोप, शाळेचे निरोप आणि ऑर्डरी यांची अशी खिचडी होते, की चांगलं गिऱ्हाईक हातचं जातं.

फोटोसाठी छायाचित्रकार नको. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीशी पांढरं सुती कापड अंथरा, वर पितळी ताटली ठेवा आणि विजेचा दिवा बंद करा. पिठाचा रंग खरा दिसायला हवा. फोटोत एक आणि पाकिटात दुसरंच निघालं, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

आपल्या मेहनतीची किंमत

पहिल्या वर्षी वन्सं पाव किलो मेतकूट ८५ रुपयांना देत होत्या. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. डाळ, तांदूळ, मसाला ४५ रुपये, गॅस आणि दळण १०, पाकीट आणि लेबल ८, सांडलवंड ४. झाले ६७. "मग १८ रुपये सुटतात की!" वन्सं म्हणाल्या. पण भाजण्यात, निवडण्यात घालवलेले त्यांचे तास? ते त्यांनी धरलेच नव्हते. आपण बायका नेहमी हेच करतो. आमचा वेळ म्हणजे जणू घरची विहीर, कितीही उपसा! आम्ही मजुरीचे २५ रुपये धरले, म्हणजे खर्च ९२ वर गेला आणि किंमत १३० ठेवली. भीत भीतच ठेवली. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

पैसे घेताना

यूपीआयचा क्यूआर कोड बँकेतून किंवा मोबाइलवरून मिळतो. दुकानदाराला त्यावर कमिशन पडत नाही, ही सवलत जानेवारी २०२० पासूनची. वेबसाइटवर कार्ड वगैरेंनी पैसे घ्यायचे तर 'पेमेंट गेटवे' लागतो. आम्हाला जो दर मिळाला तो २ टक्के आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०० रुपयांच्या ऑर्डरीवर ११ रुपये ८० पैसे गेले. हे किमतीत आधीच धरावं.

आणि हे नीट लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. वन्संना एकदा फोन आला, "मी लष्करात अधिकारी आहे, चाळीस पाकिटं हवीत. पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." एवढी मोठी ऑर्डर ऐकून त्या हरखून गेल्या होत्या. पिन टाकायला बोट उचललं आणि भाचीने हात धरला. भिशीनंतर आणखी एक घाव बसला असता, तर दुकान तिथेच संपलं असतं. तसंच, पैसे भरल्याचा नुसता फोटो कोणी पाठवला तर त्यावर माल पाठवू नका. आपल्या खात्यात रक्कम दिसली की मगच पाकीट बांधायला घ्या. खातंही स्वतःच्या नावाचं असावं. घरच्या कर्त्या माणसाच्या खात्यात पैसे गेले, की आपला धंदा किती झाला ते आपल्यालाच कळत नाही.

कागदपत्रांचा बाऊ नको, आळसही नको

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच, मग स्वयंपाकघरातून का विकेनात. आम्ही ती २०२२ साली केली. तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि फी होती वर्षाला १०० रुपये. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी चालू फी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. एजंटाची गरज नाही. मिळालेला चौदा आकडी क्रमांक लेबलावर छापायचा. त्याबरोबर आपलं नाव आणि पत्ता, घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह.

दुसरी गोष्ट जीएसटीची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला बऱ्याच उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा, तर उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागते. इंदूर, बडोद्याच्या मराठी घरांतून विचारणा आली तेव्हा आम्हाला हे कळलं. नोंदणी होईपर्यंत आम्ही त्यांना नम्रपणे थांबवलं. तुम्हीही एकदा जाणकार कर सल्लागाराला भेटाच.

खोका लहान, भाडं लहान

कुरियरवाला नुसतं वजन करत नाही, खोक्याची जागाही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायची. जे उत्तर येईल तितके किलो. आम्ही सव्वा किलोचा माल ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात भरला आणि तीन किलोचं भाडं मोजलं! तोच माल २० बाय १५ बाय १५ च्या खोक्यात मावला, तेव्हा सव्वा किलोचंच पडलं. आता खोके आधी मोजतो, मग विकत घेतो. आडगावी पाठवायचं असेल तर पोस्ट बरं. जिथे खाजगी कुरियर पोचत नाही, तिथेही पोस्टमन जातो.

आगळाच्या दोन बाटल्या वाटेत फुटल्या आणि पुण्याच्या एका बाईंच्या सोफ्यावर लाल डाग पडला. आम्ही पैसे परत केले, वर मेतकुटाचं पाकीट पाठवलं. त्या आजही दर महिन्याला मागवतात. तेव्हापासून आगळ फक्त गावात आणि बाहेरगावी सुकाच माल.

आता स्वतःची पाटी

महिन्याला चाळीसेक ऑर्डरी येऊ लागल्या आणि निरोपांतून पत्ते शोधता शोधता गोंधळ व्हायला लागला, तेव्हाच आम्ही पुन्हा वेबसाइटचा विचार केला. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत भाची आणि मी बसून ती स्वतः तयार केली. हे समजायला सोपं आहे. 'डोमेन' म्हणजे दुकानाची पाटी, 'होस्टिंग' म्हणजे गाळ्याचं भाडं आणि आत मांडणीची फळी म्हणजे 'वर्डप्रेस' आणि त्याला जोडायचं 'वूकॉमर्स'. या दोन्ही फळ्या फुकट मिळतात. आमचा वर्षाचा खर्च असा झाला:

डोमेन (डॉट इन) – ७५० रुपये
होस्टिंग – २,४०० रुपये
सुरक्षा प्रमाणपत्र – फुकट
एकूण – ३,१५० रुपये

कुठे ते २४,००० आणि कुठे हे! मात्र होस्टिंगची पहिल्या वर्षाची स्वस्ताई पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षीचा दर आधीच विचारा.

मांडणी साधी ठेवा. बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरच बघतात, म्हणून फोटो आकाराने हलके असावेत. वस्तू निवडणं, पत्ता भरणं, पैसे देणं, एवढ्यातच खरेदी संपावी. आधी खातं उघडा, मग पासवर्ड ठेवा, असं केलं की सासूबाईंच्या वयाचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. माल किती दिवसांत पोचेल आणि खराब निघाला तर काय कराल, हे स्पष्ट मराठीत लिहा. हे काम तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडून जरूर करून घ्या. पण डोमेन, होस्टिंग आणि पेमेंट गेटवे, तिन्ही खाती तुमच्या नावाने, तुमच्या ई-मेलवर आणि तुमच्या फोन क्रमांकावर उघडा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर टिपा.

आज वन्संचं दुकान फार मोठं झालंय असं नाही. खर्च वजा जाता महिन्याला नऊदहा हजार सुटतात. त्यातून भाचीची फी जाते आणि कर्जाचा हप्ता जातो. सगळ्यात मोठा फरक भावोजींमध्ये झाला. वर्षभर गप्प बसलेला तो माणूस आता रोज दुपारी खोके बांधतो आणि आपल्या वळणदार अक्षरात पत्ते लिहितो. छापील पत्ता लावू म्हटलं तर ऐकत नाहीत. "माझ्या दुकानात अक्षर चांगलंच हवं," म्हणतात. 'माझ्या दुकानात' हे शब्द ऐकून वन्सं पदराने डोळे टिपायच्या बहाण्याने आत गेल्या.

पावसाळ्यात नदी वाढली की आम्ही पिठाचे डबे माडीवर चढवतो. बाकी दुकान वन्संच्या पिशवीत, फोनमध्ये असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात जरूर करा. सहा वस्तू, एक वही, एक वेगळं सिमकार्ड एवढंच पुरे. आणि कोणी सोनेरी अक्षरांची वेबसाइट दाखवली, तर किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा, "पाटी कोणाच्या नावावर?"