परभाषेची निवड, मोजपट्टी मराठीची

जर्मनच्या नव्या वर्गात आकडे शिकवायला घेतले की एक गोष्ट हमखास दिसते. बाई म्हणतात, ‘फ्युन्फ-उंड-फिर्त्सिश’. शब्दशः, पाच आणि चाळीस. मनात इंग्रजीचा आधार घेणारी मुलं आधी ऐकलेला पाच आधी लिहितात आणि वहीत ५४ उमटतात. ज्यांच्या मनात त्याच क्षणी ‘पंचेचाळीस’ येतं, त्यांचा हात चुकत नाही. आपणही पाच आधी म्हणतो, चाळीस नंतर.

पदवीला कोणती परकीय भाषा घ्यावी, हे ठरवताना मराठीशी जवळिकीचा हाच धागा हातातून सुटतो. कठीण-सोप्या भाषांची एक यादी सगळीकडे फिरत असते: फ्रेंचला साधारण ३० आठवडे, जपानीला ८८. ती मुळात अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेची आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांसाठी बनवलेली. मराठी मुलामुलींनी ती जशीच्या तशी का मानावी?

जपानीचंच बघा. ‘पुणे नि इकिमास’ म्हणजे ‘पुण्याला जातो’. ‘नि’च्या जागी ‘ला’ ठेवा, क्रियापद शेवटी राहू द्या, वाक्य तयार. कर्ता गाळला तरी चालतो, आदरार्थी रूपांची सवय आपल्याला घरातच लागलेली असते. ‘काना’ या जपानी ध्वनिलिपीची अक्षरं ‘आ, इ, उ, ए, ओ’ आणि पुढे ‘का, सा, ता, ना’ अशा क्रमाने लावतात. बौद्ध धर्माबरोबर तिथे पोहोचलेल्या संस्कृत वर्णविचाराचा तो ठसा आहे. खरा डोंगर आहे तो ‘कांजी’चा, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांचा. नित्य वापराच्या सरकारी यादीत २,१३६ चिन्हं आहेत आणि ती रोज गिरवण्याला पर्याय नाही.

जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. पाठ करावंच लागतं, पण तो-ती-ते म्हणत वाढलेल्याला तीन लिंगांचं नवल वाटत नाही. रशियनमध्येही तीन लिंगं आहेत, शिवाय सहा विभक्ती. शाळेत ‘प्रथमा, द्वितीया’ घोकलेलं इथे कामी येतं. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘कात्र-व्हँ’, चार वीस. गावाकडच्या आजीला हे सांगून बघा. ‘चार विसा’ म्हणून तिने आयुष्यभर हिशेब केलेला असतो. फ्रेंच जड जाते ती उच्चारात, कारण लिहिलेली कितीतरी अक्षरं बोलताना गळून पडतात.

जवळिकीनंतर प्रश्न येतो कामाचा. युरोपीय भाषांच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत, जपानीच्या एन-५ ते एन-१ अशा पाच. जर्मनीत जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची तर सहसा सी-१पर्यंत जावं लागतं. जपानी कंपन्या बहुतेकदा एन-२ विचारतात. त्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, म्हणून प्रमाणपत्र हाती असूनही मुलाखतीत जीभ अडखळते. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की तीन भाषांच्या पहिल्या पायरीवर उभं राहण्यापेक्षा एकीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढा. नोकरी, अनुवाद, संशोधन ही दारं तिथून उघडू लागतात.

आणि कंपन्यांपलीकडेही बघा. बटाटा, पाव, पगार, चावी, हापूस हे शब्द आपल्याला पोर्तुगीजने दिले. गोव्याच्या दप्तरखान्यातली जुनी कागदपत्रं त्याच भाषेत आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी ती वाचली, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची एक बाजू उजेडात आली. गोव्यात आजही लागू असलेल्या नागरी कायद्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज संहितेत आहे. इतिहास वा कायदा शिकणाऱ्याने पणजीची वाट धरावी, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते.

प्रवेश अर्ज भरण्याआधी दोन कामं करा. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, मुंबईत असाल तर विद्यापीठाच्या कालिना संकुलात जा आणि परवानगी घेऊन एका तासाला बसा. मग अभ्यासक्रमाचं शेवटच्या वर्षाचं पान उघडा. पहिल्या वर्षी सगळ्याच भाषांत नमस्कार आणि आकडे असतात. तिसऱ्या वर्षी कादंबरी, व्यापारी पत्रव्यवहार की अनुवाद, यातलं जे वाचून हात शिवशिवतील, ती भाषा तुमची.