कंपनीचा झेंडा, साहेबांचा माल

लेखमाला : वाटा आणि पेठा (भाग ७)

मोताळ्याहून निघावे, मलकापूर मागे टाकावे, पूर्णा ओलांडावी, मग तापी. पलीकडच्या काठाला बऱ्हाणपूर. आज मधे राज्याची सीमा येते. सतराव्या शतकात ती नव्हती. बऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनमधले मोठे ठाणे होते आणि खानदेश-वऱ्हाडच्या बाजारांची तोंडे तिकडेच वळलेली होती. तिथल्या तलम आणि जरीच्या कापडाबद्दल फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहून गेला आहे की ते इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, अगदी पोलंडपर्यंत जाते. या गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक नवे गिऱ्हाईक होते, इंग्रज. आजचा भाग त्याच्याविषयी, पण त्याच्या ईस्ट इंडिया कंपनीविषयी फारसा नाही. कंपनीचे नाव लावून स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसांविषयी आहे.

इंग्रज इकडे आले ते हळूच. १६०९ च्या सुरुवातीला विल्यम हॉकिन्स सुरतेहून आग्र्याला जाताना बऱ्हाणपुरात थांबला, खानखानान अब्दुर्रहीमला भेटला आणि पुढे गेला. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सर टॉमस रो आला. तेव्हा जहांगीराचा मुलगा परवेझ तिथे मुक्कामाला होता. रोने त्याच्याकडून वखार घालण्याची परवानगी मागून घेतली. नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. शहजाद्याने ती तातडीने कारणी लावली आणि ठरलेली पुढची भेट राहूनच गेली. वखार मात्र झाली. लोकरी कापड, तलवारीची पाती, शिसे असला माल छावणीत विकायचा, आग्र्याकडे हुंड्या करायच्या आणि सुती कापड घ्यायचे, हे तिचे काम.

वखारीतल्या माणसाला पगार किती? कंपनीच्या नोकरीची उतरंड ठरलेली होती. सगळ्यात खाली लेखनिक, वर्षाला १० पौंड. त्याच्या वर फॅक्टर, २० पौंड. मग कनिष्ठ व्यापारी ३० आणि वरिष्ठ व्यापारी ४०. रुपया तेव्हा साधारण सव्वादोन शिलिंगांचा, म्हणजे लेखनिकाचे वर्षाचे उत्पन्न नव्वद रुपयांच्या आसपास. राहणे-जेवणे वखारीत, हे खरे. तरी घरदार सोडून, सहा-सात महिने समुद्रावर काढून, ज्या हवेत आपली निम्मी माणसे मरतात तिथे कोणी एवढ्यासाठी येत नाही. मुंबईत उतरलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण त्या लोकांतच रूढ होती. ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने ती टिपून ठेवली आहे. मग ते येत कशासाठी? स्वतःच्या व्यापारासाठी. पगार हा नोकरीचा दाखला होता, कमाई वेगळी होती.

कंपनीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिने बंदी घातली, जामीन घेतले, पेट्या तपासल्या, दंड केले. १६६२ मध्ये सर जॉर्ज ऑक्सेंडनला सुरतेचा अध्यक्ष करून पाठवले तेव्हा त्याला ३०० पौंड पगार ठरला आणि वर आणखी २०० पौंड, ते केवळ खासगी व्यापाराचा मोह होऊ नये म्हणून. चोराला चोरी न करण्याबद्दल पगार, असेच म्हणायचे! शेवटी कंपनीने वास्तव मान्य केले. युरोप ते हिंदुस्थान हा रस्ता आपला, तिथे हात लावायचा नाही. पण सुरत ते मोखा, सुरत ते बसरा, मद्रास ते आचे अशा आशियातल्या बंदरा-बंदरांतल्या व्यापारात नोकरांनी आपापला पैसा गुंतवावा. १६६० आणि ७० च्या दशकांत ही मुभा हळूहळू लेखी झाली. जहाजाच्या कप्तानालाही जहाजात स्वतःच्या मालासाठी ठरावीक जागा मिळे.

आता खरा प्रश्न. सुरतेत बसलेल्या माणसाचा माल मोख्याला कोण विकणार? लंडनमध्ये बसलेल्या मेहुण्याने पाठवलेल्या चांदीचे बऱ्हाणपुरात कापड कोण करणार? उत्तर मोताळ्याच्या बाजारात ज्याने एकदा कापूस विकला आहे त्याला सांगायला नको: अडत्या. माल दुसऱ्याचा, विक्री आपल्या हातची, त्यावर आपली अडत. फरक एवढाच की आपला अडत्या काट्याजवळ समोर उभा असतो आणि त्यांचा समुद्रापलीकडे. लंडनहून निघालेल्या पत्राचे उत्तर हातात पडायला दीड-दोन वर्षे लागत. तेवढ्यात भाव पडलेला असे, जहाज बुडालेले असे, किंवा अडत्याच वारलेला असे.

म्हणून पत्र हाच या व्यापाराचा कणा होता. एकाच पत्राच्या दोन-तीन नकला करून वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या, एखादी बसरा-हलबच्या खुष्कीच्या वाटेने. मागच्या पत्राचा गोषवारा पुढच्या पत्रात पुन्हा लिहायचा, कारण मागचे पोचले की नाही याची खात्री नाही. कोणता माल कितीला घ्यावा हे सांगायचे आणि शेवटी लिहायचे की तुम्हाला तिथे जे योग्य दिसेल ते करा. या शेवटच्या वाक्यात सगळा जीव अडकलेला असे. अडत्याला मोकळीक दिल्याशिवाय धंदा होत नाही, आणि मोकळीक दिली की तो खरेदी जास्त दाखवेल, विक्री कमी दाखवेल, चांगले ठाण स्वतःला ठेवून डागी तुम्हाला पाठवेल. त्यावर उपाय कोर्टकचेरीचा नव्हता. सुरतेतला माणूस मोख्यातल्याचा अडत्या, आणि मोख्यातला सुरतेतल्याचा. दोघांनी एकमेकांचे पैसे अडकवून ठेवलेले. एकाने खोटेपणा केला तर दुसऱ्याच्या हातात त्याचा माल आहेच, शिवाय चार बंदरांतल्या चार ओळखीच्यांना पत्रे जातात आणि त्याचे नाव खराब होते. भाऊबंद, मामा-भाचे, गावकरी एकमेकांना चिकटून राहत ते याचसाठी. आपल्याकडच्या मारवाडी, गुजराती पेढ्यांची रीत यापेक्षा वेगळी नव्हती.

भांडवल कोणाचे, हे मात्र इंग्रजी पुस्तकांत जरा हळू आवाजात सांगितले जाते. नव्वद रुपये पगाराच्या पोराकडे पैसा कुठला? तो सुरतेच्या सावकारांकडून येई. वीरजी व्होरा हा तिथला सगळ्यात मोठा सराफ कंपनीला कर्ज देई आणि कंपनीच्या नोकरांनाही. समुद्रावरच्या कर्जाची एक खास तऱ्हा होती: जहाज सुखरूप पोचले तर मुद्दल आणि भारी व्याज द्यायचे, बुडाले तर दोन्ही बुडाले. आपली जोखमी हुंडी त्याच जातीची. म्हणजे साहेबाकडे झेंडा, दलालाकडे बाजाराची माहिती आणि सावकाराकडे पैसा. विणकराला आगाऊ रक्कम देऊन कापड बांधून घेणारा दलालच असे. साहेबाला बहुधा विणकराचे नावही ठाऊक नसे.

मिळवलेला पैसा विलायतेला न्यायचा कसा, हाही पेच होता. कंपनीच्या खजिन्यात रुपये भरून लंडनवर हुंडी घ्यावी, हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग हिऱ्यांचा. गोवळकोंड्याकडचे हिरे खुष्कीने सुरतेला येत. मूठभर खड्यांत आयुष्याची कमाई मावत असे आणि पेट्या तपासणाऱ्यांना ती दिसत नसे. हा चोरटा धंदा थांबत नाही असे पाहून कंपनीने १६६० च्या दशकात तो पट्टी घेऊन खासगी लोकांना खुला केला. मग लंडनचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातले पोवळे आणि चांदी इकडच्या वखारवाल्यांकडे पाठवू लागले आणि बदल्यात हिरे मागवू लागले. त्यांच्यातल्या कित्येकांनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

इथवर ही गोष्ट साहेबांची झाली. पण जे या व्यापाराच्या वाटेत राहत होते त्यांना काय दिसत होते? झेंडा एक, भाषा एक, टोपी एक. यातले कंपनीचे कोणते आणि साहेबाच्या खिशातले कोणते, हे बाहेरच्याला कळायचे कसे? माझ्या मते या व्यापाराचे खरे भांडवल हा संभ्रमच होता. नफा असेल तेव्हा माल साहेबाचा. संकट आले की झेंडा कंपनीचा.

राजापूरचे प्रकरण हे याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण. १६६० च्या जानेवारीत अफझलखानाच्या मालाच्या आणि तारवांच्या मागावर शिवाजी महाराजांचे सैन्य राजापुरात आले. तिथल्या आदिलशाही अंमलदाराकडे इंग्रजांचे पैसे येणे होते, म्हणून तिथल्या इंग्रज वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन या झटापटीत नाक खुपसून बसला. त्यात फिलिप गिफर्ड हा इंग्रज आणि वखारीचा दलाल बालाजी पकडले गेले. एवढ्यावर शहाणपण यायला हवे होते. पण एप्रिलमध्ये रेव्हिंग्टन एक उखळी तोफ आणि गोळे घेऊन पन्हाळ्याला गेला, गडाला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरच्या छावणीत. वेढ्यात महाराज स्वतः गडावर होते आणि हा व्यापारी इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे टाकत होता! गोळे विकायचे असतील तर ते कसे फुटतात हे दाखवले पाहिजे, असा हा हिशेब.

महाराज पन्हाळ्यावरून निसटले, ते कोणाला सांगायला नको. पुढच्या वर्षी, १६६१ मध्ये, त्यांनी राजापूर गाठले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनला सोबत्यांसह कैद केले. काही दिवस वासोट्यावर, मग सोनगडावर. कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना रागाने लिहिले की तुम्ही आमच्यासाठी काहीच करत नाही. मार्च १६६२ मध्ये सुरतेचे उत्तर गेले ते असे: तुम्ही तिथे का आहात हे तुमचे तुम्हाला चांगले माहीत आहे, कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत, इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून वेढ्यात गोळे फेकलेत म्हणून पकडले गेलात. कंपनीने हात झटकले. रेव्हिंग्टन आजारी पडल्याने आधीच सुटला होता आणि लवकरच वारला. बाकीचे १६६३ च्या सुरुवातीला सुटले.

गंमत पुढे आहे. ज्यांना कंपनीने असे वाऱ्यावर सोडले, त्यांच्याच वखारीच्या लुटीची नुकसानभरपाई ती पुढची बारा-तेरा वर्षे महाराजांकडे मागत राहिली. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्सेंडन नजराण्याबरोबर तोही तगादा घेऊन आला होता, आणि शेवटी १०,००० होनांवर तडजोड ठरली. गोळे टाकले तेव्हा रेव्हिंग्टनचा गुन्हा. माल गेला तेव्हा कंपनीचा तोटा.

कान्होजी आंग्र्यांनी हा डाव बरोबर ओळखला. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची स्वतःची बोट पकडली, आणि १७१३ मध्ये कंपनीच्या जहाजांना हात लावायचा नाही असा करार झाला. मग भांडण लागले ते अर्थावर. कान्होजींचे म्हणणे असे की करार कंपनीच्या जहाजांचा आहे. तुमचे अधिकारी खासगीत जो माल हिंडवतात किंवा देशी व्यापारी तुमचे निशाण लावून नेतात, त्याच्याशी त्याचा काय संबंध? मुंबईचे म्हणणे, निशाण आमचे तर माल आमचाच. इंग्रजी इतिहासांत कान्होजींना चाचे म्हटले जाते. या एका मुद्द्यावर तरी मला त्यांचा कायदा मुंबईच्या कौन्सिलपेक्षा सरळ वाटतो.

या धंद्यात कोणी किती कमावले, तर रॉबर्ट कोवनचे नाव पुरे. आयर्लंडमधला हा माणूस मोख्याला कॉफीच्या वखारीत होता, १७२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. सुरतेचा वखारप्रमुख हेन्री लोथर त्याचा भागीदार. दोघांनी मिळून मोखा, बसरा, बंगालकडे तारवे सोडली. कंपनीने १७३४ मध्ये कोवनला काढले, तो १७३७ मध्ये लंडनला मेला. संपत्ती बहिणीकडे गेली आणि तिच्या सासरच्या स्टुअर्ट घराण्याने त्यातून माउंट स्टुअर्टची जहागीर उभी केली. उत्तर आयर्लंडमध्ये ती आजही आहे, लोक तिकीट काढून पाहायला जातात. कोवनची पत्रे बेलफास्टच्या सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवली आहेत.

आपल्याकडे जपले गेले ते देवळे, मशिदी आणि वीरगळ. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला १४३७ मध्ये खानदेशच्या नासीरखानाचा पराभव करणारा बहमनी सेनापती खलफ हसन हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी होता. त्याची पदवीच मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा प्रमुख. लढाई इतिहासात राहिली, त्याच्या चोपड्या गेल्या. बऱ्हाणपुरातल्या दलालांच्याही गेल्या. त्यामुळे या सगळ्या व्यवहाराची एकच बाजू आपल्याला वाचायला मिळते, पत्र लिहिणाऱ्या साहेबाची.

पुढच्या भागात कापसाकडे येऊ: खामगावची पेठ, १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झालेला जलंब-खामगाव रेल्वेफाटा आणि तिथे उतरलेले परदेशी खरेदीदार. तोवर वाचकांना एक विनंती. मोताळा, रोहिणखेड, धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, बोराखेडी या गावांत कोणाच्या माळ्यावर मोडीतल्या जुन्या वह्या, हुंड्या, अडतीचे कागद असतील, तर रद्दीत घालण्याआधी मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला जरूर दाखवा.