पहिलीच्या उंबरठ्यावर आजी-आजोबा

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि छत्रपती संभाजीनगरातील सिडको-हडकोपासून कन्नड-सोयगावच्या वस्त्यांपर्यंत घरोघरी एकच लगबग सुरू होते. नवे दप्तर, नवा डबा, पाण्याची बाटली. या लगबगीत मुलाला शाळेत नेण्या-आणण्याचे काम बहुधा आजी-आजोबांकडे येते. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या आईवडिलांना शाळेच्या वेळा सांभाळणे कठीण असते. त्यामुळे मूल जागे असते त्यातील मोठा वेळ घरातील वडीलधाऱ्यांच्या सहवासात जातो.

तरीही मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला की हीच माणसे एक पाऊल मागे घेतात. ‘आम्हाला इंग्रजी कुठे येते’, ‘आताचा अभ्यास निराळा’, ‘ते त्याचे आईबाबाच बघतील’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. काहींनी उच्चारलीही असतील. वास्तविक सहा वर्षांच्या आतील मुलाच्या शिक्षणाला ज्या गोष्टींची सर्वाधिक गरज असते, त्यांतील बहुतेक गोष्टी आजी-आजोबांना उत्तम येतात. त्यांचे महत्त्व ओळखून त्या रोज, थोड्या नियमाने कराव्यात, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे.

पहिल्या सहा वर्षांचे मोल

मेंदूच्या एकूण विकासापैकी 85 टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत होतो, असे 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केले आहे. म्हणूनच या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. मूल पहिलीच्या वर्गात पहिल्यांदा बसते, तेव्हा त्याच्या शिक्षणाची कितीतरी वर्षे घरात होऊन गेलेली असतात.

या वयात मेंदूची जडणघडण देवाणघेवाणीतून होते. मूल बोट दाखवते, मोठे माणूस तिकडे पाहते, त्या वस्तूचे नाव घेते, मुलाच्या उत्तरासाठी थांबते. मूल हसते किंवा काही बोलते. मोठे माणूस पुन्हा प्रतिसाद देते. दिवसातून अनेकदा घडणाऱ्या या साध्या व्यवहारातून भाषा, लक्ष देण्याची सवय आणि मनाची स्थिरता घडत जाते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी 2018 साली बालसंगोपनाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात आरोग्य, पोषण आणि सुरक्षितता यांच्या जोडीने प्रतिसाद देणारे संगोपन आणि लहान वयातील शिकण्याची संधी यांना समान स्थान दिलेले आहे.

याचा दूरगामी परिणाम किती होतो, याचे एक उदाहरण जमैका या देशातील आहे. तेथे 1980च्या दशकात किंग्स्टन शहरातील 129 खुरट्या वाढीच्या बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात असे. टाकाऊ वस्तूंपासून केलेली साधी खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे ती आईला दाखवीत असे. हा क्रम दोन वर्षे चालला. ही मुले वीस-बावीस वर्षांची झाली, तेव्हा अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई सुमारे 25 टक्क्यांनी अधिक आढळली. घरी येणारी सेविका आईला दिशा दाखवीत असे. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत मुलाशी खेळायचे ते घरच्यांनीच.

आपल्या जिल्ह्यातील पालक मेळावे

हाच विचार आपल्या जिल्ह्यातही रुजवला गेला आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने ‘आरंभ’ हा बालविकासाचा उपक्रम प्रथम औरंगाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत राबवला गेला. त्यातून अंगणवाड्यांमध्ये पालक मेळावे भरू लागले. मुलाचा मेंदू कसा वाढतो, घरातील वस्तूंनी कसे खेळता येते, मुलाशी का बोलावे, हे अंगणवाडी सेविका गावकऱ्यांना समजेल अशा रीतीने मांडू लागल्या. आईबरोबर वडील आणि आजी-आजोबा यांनाही या वर्तुळात आणणे, हे या मेळाव्यांचे मर्म आहे.

दुसरा उपक्रम पहिलीच्या प्रवेशाशी संबंधित आहे. करोनाच्या काळात अंगणवाड्या आणि बालवाड्या बंद राहिल्या आणि असंख्य मुले कोणताही पूर्वानुभव न घेता थेट पहिलीत येणार, असे दिसू लागले. तेव्हा राज्याच्या शिक्षण विभागाने ‘प्रथम’ या संस्थेच्या सहकार्याने ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान हाती घेतले. 2022 साली ते राज्यभर पोहोचले. शाळेत मेळावा भरतो. मूल एकेका टेबलापाशी जाते. कुठे उडी मारणे व रेषेवरून चालणे, कुठे कागद घडी करणे व रंग भरणे, कुठे वस्तूंचे गट करणे, कुठे चित्राविषयी बोलणे, तर कुठे वस्तू मोजणे. मुलाला काय सहज जमते आणि कुठे मदत लागते, याची नोंद विकास पत्रावर होते. पुढे वस्तीतील माता गटाने एकत्र येऊन घरच्या घरी कृती घ्याव्यात, अशी योजना आहे.

या टेबलांवर मुलाची परीक्षा घेतली जात नाही. तेथे मागितलेली प्रत्येक गोष्ट अंगणात, ओट्यावर आणि स्वयंपाकघरात होण्याजोगी आहे. आपल्या गावी किंवा प्रभागात असा मेळावा भरणार असेल, तर नातवंडाचा हात धरून आजी-आजोबांनी अवश्य जावे. माता गट हे नाव ऐकून आजोबांनी संकोच करू नये.

अंगण हीच शाळा

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. 1945 साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाड ही या कामाची कर्मभूमी झाली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांनाच त्यांनी शिक्षणाची साधने केले.

आज जे आजी-आजोबा आहेत, त्यांचे स्वतःचे बालपण अशाच वस्तूंशी खेळण्यात गेले आहे. ती स्मृती नातवंडांच्या उपयोगी पडणारी आहे.

पेन्सिलीची घाई

अनेक घरांत वादाचा विषय असतो तो लेखनाचा. शेजारचे साडेतीन वर्षांचे मूल शंभरपर्यंत अंक लिहिते, मग आपले का नाही, या चिंतेने मुलाला सक्तीने गिरवायला बसवले जाते. मूल रडते, घरात ताण येतो. येथे वडीलधाऱ्यांनी शरीराचे साधे सत्य सांगावे. जन्माच्या वेळी मनगटातील छोटी हाडे कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढील अनेक वर्षांत ती हळूहळू घट्ट होतात. बोटांचे बारीक स्नायूही क्रमाने तयार होतात. खांदा, मनगट आणि बोटे यांवर ताबा आल्यावर लेखन सहज येते. त्याआधी केलेल्या सक्तीने पेन्सिलीची धास्ती बसते.

हात तयार करण्यासाठी घरात भरपूर कामे आहेत. मटार सोलणे, मेथी निवडणे, कणकेचा गोळा मळणे, कपड्यांना चिमटे लावणे, रांगोळीचे ठिपके मांडणे. सून किंवा मुलगा ‘आज काय लिहून घेतले’ असे विचारील, तेव्हा आजीने निःसंकोच सांगावे, ‘आज त्याने वाटीभर मटार सोलले आणि मोजले.’ मात्र शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके यांसारख्या वस्तू अगदी लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

दिवसभरातील शिक्षण

वेगळा तास काढण्याची गरज नाही. पुढील गोष्टी दिनक्रमात मिसळून जाऊ शकतात.

सकाळी ताटे मांडताना प्रत्येकासाठी एक ताट, एक वाटी असे मुलाकडून लावून घ्यावे. एकास एक ही संगती म्हणजे गणिताची पहिली पायरी. कपड्यांच्या घड्या करताना लहान-मोठे, बाबांचे-आजीचे असे गट करू द्यावेत. अष्टाचंगा खेळताना दान मोजणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि हरल्यावर पुन्हा खेळायला बसणे, हे तिन्ही धडे एकाच पटावर मिळतात.

गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘पुढे काय झाले असेल?’ असे विचारावे. उत्तर चुकीचे वाटले तरी खोडू नये. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी सांगावी. त्याच शब्दांच्या पुनरावृत्तीतून भाषा पक्की होते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी पुस्तकातील चित्रे दाखवून मुलालाच गोष्ट सांगायला लावावे. घरात मराठी, दखनी, उर्दू किंवा हिंदी, जी भाषा जिव्हाळ्याने बोलली जाते, तीच बोलावी. मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरच्या भाषेत समृद्ध झालेली समज त्याच्या उपयोगी पडते.

मोबाइलचा प्रश्न सर्वांनाच छळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची मर्यादा आहे आणि त्याहूनही कमी असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी, असेही त्यात म्हटले आहे. जेवताना मोबाइल देण्याची सवय असेल, तर ती एका दिवसात मोडणार नाही. आधी एका जेवणापुरता तो दूर ठेवावा आणि त्या वेळी स्वतः मुलासमोर बसून जेवावे.

शाळेच्या दारापलीकडे

2009च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांना शाळेत मानाचे स्थान दिले आहे. कायद्यानुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन आहे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती यांविषयी माहिती द्यावी, हेही कायद्यात नमूद आहे.

मुलाला रोज शाळेत सोडणाऱ्या आजोबांनी बैठकीलाही जावे. जाण्यापूर्वी मुलाच्या आईवडिलांशी बोलून घ्यावे आणि आल्यावर सर्व सांगावे, म्हणजे घरात दोन मते पडत नाहीत. ‘किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘तो वर्गात बोलतो का? कोणाशी खेळतो? कशाला घाबरतो?’ असे विचारावे. घरी दिसणाऱ्या गोष्टीही शिक्षकांना सांगाव्यात.

आपल्या जिल्ह्यातील काही घरांत तर आजी-आजोबा हेच वर्षातील अनेक महिने एकमेव पालक असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी मुलगा-सून परजिल्ह्यात जातात आणि शाळकरी नातवंडे गावीच राहावीत म्हणून म्हातारी माणसे मागे थांबतात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची चौकशी मुख्याध्यापकांकडे हंगामापूर्वीच करावी. रोज संध्याकाळी आईवडिलांशी फोनवर बोलताना मुलाने त्या दिवशीची एक गोष्ट सांगावी, असा पाठ घालून द्यावा. त्यामुळे भाषा वाढते आणि नातेही तुटत नाही.

मुलाचे कान-डोळे आणि आपले गुडघे

हाक मारली तरी मूल लक्ष देत नाही, पुस्तक डोळ्यांजवळ धरते, समवयस्कांपेक्षा बोलणे फार मागे आहे, ही लक्षणे दिवसभर सोबत असणाऱ्या आजीच्या नजरेत आधी येतात. ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणून ती बाजूला सारू नयेत. कमी ऐकू येणारे मूल वर्गात ‘मठ्ठ’ ठरण्याचा धोका असतो. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. त्या दिवशी मूल हजर राहील, हे पाहावे आणि आपली शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगावी.

स्वतःच्या प्रकृतीकडेही तितकेच लक्ष हवे. मुलाला कडेवर घेऊन जिने चढण्यापेक्षा त्याच्या चालीने, हात धरून चढावे. दुपारची विश्रांती सोडू नये. आपल्याला ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्राचा संकोच धरू नये. मुलाचे बोबडे बोल आपल्याला नीट ऐकू येणे, हेही त्याच्या शिक्षणाचा भाग आहे. आपल्या गोळ्यांचा डबा उंच आणि कुलूपबंद ठेवावा. मधुमेहाची काही औषधे अशी असतात, की एकाच गोळीने लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दमल्यावर ‘आज जमणार नाही’ हे मुलाला-सुनेला सांगण्यात कमीपणा नाही. संगोपनाचा भार वाटून घेतला, तरच तो वर्षानुवर्षे पेलवतो.

येत्या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे. रोज एक गोष्ट, स्वयंपाकघरातील एक काम आणि संध्याकाळची दहा मिनिटे मूल जे दाखवील ते पाहण्यासाठी राखून ठेवावीत. पुढच्या पालक बैठकीची तारीखही शाळेतून विचारून घ्यावी.