बंदीच्या दिवसांत पिशवीवरचं ‘+एफ’ बघून घ्या



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या किनाऱ्यावर आणि ऊनही ढगाआड. व्हिटॅमिन डी मिळण्याच्या आपल्या दोन मोठ्या वाटा म्हणजे अंगावर पडणारं ऊन आणि बांगडा-तारल्यासारखे तेलकट मासे. पावसात दोन्ही कमी होतात. (रात्री ट्रॉलरवर आणि दिवसा झोपेत, अशांचं तर इतर वेळीही ऊन हुकतंच.) डी कमी पडलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडं दुखतात, पायांत बळ राहत नाही. लहान मुलांना मुडदूस होऊन पाय वाकतात.

म्हणून काही कंपन्या दुधात आणि तेलात ए आणि डी घालतात. त्यासाठी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. अशा पाकिटावर निळं ‘+एफ’ चिन्ह असतं. चवीत काही फरक पडत नाही.

पण मिळतं किती? नियमाप्रमाणे लिटरभर दुधात २०० ते ३०० युनिट डी असतं, तेलाच्या एका ग्रॅममध्ये साधारण साडेचार ते साडेसहा. समजा माणशी पाव लिटर दूध आणि २० ग्रॅम तेल रोज पोटात गेलं, तर दोन्ही मिळून १४० ते २०० युनिट होतात. प्रौढ माणसाला दिवसाला ६०० लागतात. म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा. दिवसाला दोन कप चहापुरतंच दूध घेणाऱ्याला त्याहून कमी. मदत होते, भागत नाही.

आणि सगळ्याच पाकिटांत ते असतं असं नाही, चिन्ह बघूनच घ्या. घाण्यावरचं खोबरेल किंवा गवळ्याचं दूध चांगलंच, पण त्यात वरून डी घातलेलं नसतं.

दुखतंय म्हणून शेजारणीची ६०,००० युनिटची पुडी मात्र मागून घेऊ नका. डी चरबीत साठतं. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. डॉक्टर रक्त तपासून किती आठवडे घ्यायची ते सांगतात, तेवढेच आठवडे घ्या. सुके बांगडे घरात असतील तर बंदीत तेही काढा, फक्त रक्तदाब असलेल्यांनी मीठ सांभाळून.